आंब्याच्या पेटीतली पुस्तके

आपल्या वाचनालयाने पहिले जुने पुस्तक विकले, त्याआधी त्या एकाच विषयावर कार्यकारी मंडळाच्या तीन सभा झाल्या. विक्रीची हकिकत स्मरणिकेसाठी लिहून द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी इतिवृत्ताची ती वही पुन्हा उघडली. त्या काळात ग्रंथपाल मीच होते, त्यामुळे अक्षरही माझेच. पहिल्या सभेत विषय पुढे ढकलला गेला. दुसऱ्या सभेत बोलणे इतके लांबले की वीज गेली आणि मेणबत्तीच्या उजेडात सभा तहकूब करावी लागली. तिसऱ्या सभेत ठराव संमत झाला, पण एका ज्येष्ठ सभासदांनी आपला विरोध जसाच्या तसा लिहून घ्यायला लावला. ते मला म्हणाले होते, ‘‘बाई, वाचनालय पुस्तक देतं आणि परत घेतं. परत घेणं सोडलंत की ते दुकान झालं. हे असंच लिहा.’’ मी तसेच लिहिले. आज त्या ओळी वाचताना त्यांचा राग आठवत नाही, त्यांची काळजी आठवते.

स्थापना, पदाधिकारी आणि इमारतीचे टप्पे यांचा तक्ता या अंकात स्वतंत्र आहे. त्यामुळे मी दरवर्षी मे महिन्यात आपल्या पडवीत मांडल्या जाणाऱ्या त्या पेट्यांपुरतेच लिहिणार आहे. पण विक्रीला एवढा विरोध का झाला, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

कोकणातल्या वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. पुढे एकोणिसाव्या शतकात मोठ्या गावांतून ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने संस्था निघाल्या आणि विसाव्या शतकात त्यांतल्या अनेकींची नावे बदलली. गाडीरस्ते नव्हते तेव्हा पुस्तके मुंबईहून बोटीने बंदरात उतरत आणि तिथून डोक्यावरून किंवा बैलगाडीने गावात येत. एकेका पुस्तकासाठी वर्गणी काढलेली असे. अशा ठिकाणी आलेले पुस्तक हातून जाऊ द्यायचे नाही, ही वृत्ती मुरणे स्वाभाविक होते. पुस्तक फाटले तर शिवायचे, पुठ्ठा सुटला तर खळ लावून बसवायचा आणि पाने गेली तर दुसऱ्या वाचनालयातून प्रत आणून ती हाताने उतरवून घालायची. आपल्याकडे अशी हस्तलिखित पाने घातलेली पुस्तके अजून आहेत.

दुसरे कारण कायद्याचे. ग्रंथालयांसाठी कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान देशात पहिले. तो कायदा १९४५ सालचा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यानंतर आपल्यासारख्या संस्थांना शासनमान्यता, अनुदान आणि अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. वर्ग ठरवताना इतर गोष्टींबरोबर ग्रंथसंख्याही पाहतात. दाखल नोंदवहीत एकदा क्रमांक पडला की ते पुस्तक संस्थेच्या मालमत्तेत जमा होते. ते काढायचे तर यादी, समितीचा ठराव, मंजुरी आणि मग निर्लेखन. मनाला आले म्हणून कपाटातले पुस्तक उचलून विकता येत नाही, आणि येऊ नयेच. पण याचा एक परिणाम असा झाला की वाळवीने पोखरलेली, कुणी उघडत नसलेली पुस्तकेही संख्येसाठी वर्षानुवर्षे जागा अडवून बसली. साठा पडताळणीच्या वेळी मी ती मोजत असे, धूळ झटकत असे आणि पुन्हा तिथेच ठेवत असे.

तेव्हा एक गोष्ट स्पष्ट सांगते. गावात अजूनही काहींचा समज आहे की आपण वाचनालयाची पुस्तके विकतो. तसे नाही. दाखल क्रमांक पडलेले एकही पुस्तक मंजुरीशिवाय पेटीत गेलेले नाही, आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेली पुस्तके तर वेगळ्या खुणेची आहेत. विक्रीत असतात ती घरांतून आलेली, नोंदवहीत कधीच न चढलेली पुस्तके.

ती येतात कशी, हा आपल्या गावाचाच इतिहास आहे. मुले मुंबई-पुण्याला गेली, म्हातारी माणसे मागे राहिली. पुढे तीही गेली आणि घराला कुलूप लागले. वर्षातून एकदा गणपतीला उघडणारी घरे हळूहळू तीही उघडेनाशी झाली. घर विकायचे किंवा नव्याने बांधायचे ठरले की भांडी वाटली जातात, लाकूड विकले जाते. माळ्यावरच्या पुस्तकांचे काय करायचे, हे कुणालाच सुचत नाही. रद्दीवाल्याला द्यायला हात धजावत नाही. मग ती वाचनालयात येतात. गोणीत, पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या गाठोड्यात. एकदा एक गृहस्थ वडिलांची सगळी पुस्तके टेम्पोत घालून घेऊन आले. उतरवून झाल्यावर ते ओटीवर बसून राहिले, जायला उठेचनात. मी चहा दिला. ते म्हणाले, ‘‘बाबा रोज जेवणानंतर यातलं एक काढून बसायचे. आता घरात नुसती भिंत दिसेल.’’

अशा पुस्तकांना नाही म्हणता येत नाही. पण ‘ययाति’च्या आठ प्रती, ‘मृत्युंजय’च्या तितक्याच आणि ‘श्यामची आई’ मोजू नये इतक्या वेळा, हे सगळे नोंदवहीत चढवून तरी काय करायचे? ती माडीवर ठेवली जाऊ लागली. माडी भरली तशी जिन्याखालची जागा भरली आणि शेवटी आडाकडच्या भिंतीला लागून थप्प्या उभ्या राहिल्या.

निर्णय शेवटी वाळवीने घेतला. पावसाळा संपून ऊन पडल्यावर आम्ही त्या थप्प्या हलवल्या. बाहेरून पुस्तके धड दिसत होती. वरचे पुस्तक उचलले तर पुठ्ठा हातात आला आणि आतून माती सांडली. जांभ्याच्या भिंतीतून मातीची एक रेघ वर चढली होती आणि पुस्तकांच्या मधोमध बोगदा गेला होता. एका घराण्याने श्रद्धेने आणून दिलेली पुस्तके आम्ही सांभाळतो म्हणून ठेवून घेतली आणि सांभाळली नाहीत. चूक वाळवीची नव्हती, आमची होती. त्या दिवशी मी आणि आमचे शिपाई असे दोघांनी ती माती परसात पुरली. पुढच्याच सभेत मी विषय मांडला की जे आपण सांभाळू शकत नाही ते सांभाळणाऱ्याच्या हाती द्यावे, आणि फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही, म्हणून थोडे पैसे घ्यावे.

याच विषयावर पुढे त्या तीन सभा झाल्या. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मी ग्रंथपालनाच्या वर्गात पाठ केली होती. त्यांतले तिसरे सूत्र पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देण्याविषयी आहे. मी सभेत तेच सांगितले. आमच्या माडीवर जी पुस्तके आहेत त्यांना वाचक मिळायचा तर ती खाली उतरली पाहिजेत. ज्येष्ठ सभासदांचे समाधान झाले नाही. पण ठराव झाल्यावर पहिल्या विक्रीला ते सकाळी सर्वांत आधी आले आणि स्वतःच्या कपाटातली एक पिशवीभर पुस्तके माझ्यापुढे ठेवून म्हणाले, ‘‘दुकान काढलंच आहेत, तर माल तरी चांगला ठेवा.’’

विक्री मे महिन्यातच का, असे नवे सभासद विचारतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींना दिवाळी किंवा नाताळची सुट्टी बरी वाटते. पण मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, मुलांना सुट्टी असते आणि हवा कोरडी असते. याहून मोठे कारण म्हणजे मृग लागायच्या आत जागा मोकळी व्हायला हवी. आमच्या पावसात चार महिने कौलांखाली ओल राहते. पुस्तके एकमेकांना चिकटतात, पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते. जूनमध्ये माडीवर जे उरेल ते ऑक्टोबरमध्ये तसेच मिळेल याची खात्री नाही. म्हणून आम्ही पावसाशी शर्यत लावून मेमध्ये विकतो.

आणि मेमध्येच पेट्या मिळतात. पहिल्या वर्षी टेबले अपुरी पडली तेव्हा एका बागायतदार सभासदांनी आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या आणून दिल्या. पेटी आडवी ठेवली की पुस्तके कणा वर करून नीट उभी राहतात, आणि पोरांच्या उंचीलाही ती बरी पडते. तेव्हापासून पेट्याच वापरतो. आता बाजारात पुठ्ठ्याची खोकी वाढली, लाकडी पेट्या कमी झाल्या, म्हणून जुन्या पेट्यांना खिळे मारून आम्ही त्याच जपून ठेवतो. पेटीत ठेवलेल्या पुस्तकाला दोन दिवसांत हापूसचा वास लागतो. मुंबईला गेलेल्या पुस्तकांनाही तो बरेच दिवस राहतो, असे लोक सांगतात.

भाव ठरवण्याची पद्धत जमायला काही वर्षे गेली. आधी छापील किमतीचा चौथा हिस्सा घ्यायचो. त्यात फार विचित्र व्हायचे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे सुबक बांधणीचे पुस्तक छापील तीन रुपयांचे, म्हणून ते बारा आण्यांत जायचे आणि गेल्या वर्षीचे परीक्षेचे गाइड त्याच्या कितीतरी पट भावाने पडून राहायचे. शेवटी पुस्तकाचा भाव सोडून पेटीचा भाव ठरवला. एका पेटीतली सगळी पुस्तके एका भावाची. कुठले पुस्तक कुठल्या पेटीत घालायचे, एवढाच निर्णय आमचा. शेवटच्या दिवशी पिशवीचा भाव असतो. आपली पिशवी आणा, मावतील तेवढी न्या. ही कल्पना एका सभासदांच्या मुलीच्या पत्रातून आली. ती अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी राहत होती. तिथल्या टॉम्पकिन्स काउंटी सार्वजनिक ग्रंथालयाचे मित्रमंडळ वर्षातून दोनदा जुन्या पुस्तकांची मोठी विक्री करते, ती कित्येक दिवस चालते आणि भाव दिवसागणिक उतरत जातो, असे तिने लिहिले होते. आपली विक्री दीड दिवसाची. पण भाव उतरत जाण्यातले शहाणपण आम्ही उचलले. सुरुवातीला येणारा निवडून घेतो, शेवटी येणारा ढिगाने नेतो. दोघेही आम्हाला हवेत.

विक्रीचे खरे काम मात्र विक्रीच्या आधी असते. गुढीपाडवा झाला की रविवारी दुपारी आम्ही पडवीत सतरंजी घालून निवडायला बसतो. तांदूळ निवडावेत तशी पुस्तके निवडायची. पहिल्या हाताने पुस्तक उलटे धरून झटकायचे. कसर, झुरळाची अंडी, बारीक किडे असले तर ते वेगळे, उन्हात. दुसऱ्या हाताने पाने चाळायची. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली पुस्तके आम्लाने पिवळी पडतात आणि पान दुमडले की काडीसारखे तुटते. युद्धकाळातल्या आणि त्यानंतरच्या टंचाईतल्या कागदाची अवस्था फार वाईट. त्याउलट त्याहून जुन्या, चिंध्यांच्या कागदावरच्या पोथ्या अजून नव्यासारख्या उलगडतात. वयावरून पुस्तकाची प्रकृती ठरत नाही, हे मी पुस्तकी शिक्षणात वाचले होते, पण कळले इथे सतरंजीवर.

पाने चाळताना पुस्तकातून माणसे बाहेर पडतात. एसटीची तिकिटे, पिंपळाचे जाळीदार पान, औषधाची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, राखीचा रेशीमधागा, पगाराचा हिशेब. पहिल्या पानावर लिहिलेले असते की चिरंजीव अमुक यास मौंजीबंधनाप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम भेट. काही सदस्यांचे म्हणणे होते की नावे आहेत ती पाने फाडून टाकावीत, पुस्तक स्वच्छ दिसेल. मी ठाम नकार दिला आणि आजही तोच नियम आहे. भेटीचे पान फाडायचे नाही. खासगी पत्र मात्र कुणी वाचायचे नाही. ते पाकिटात घालून देणाऱ्या घरी परत जाते. एका बाईंना त्यांच्या आईचे, त्या जन्मल्याची बातमी कळवणारे पत्र असे परत गेले. पुस्तक त्यांच्या आजोळचे होते आणि पत्र कधी टपालात पडलेच नव्हते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण आपल्या वाचनालयाचे एक चांगले कपाट त्या चुकीतून उभे राहिले. विक्रीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. शेवटच्या दिवशी उरलेल्या ढिगात एक पातळ पुस्तिका होती. आपल्या खाडीतल्या गलबतांविषयी एका शाळामास्तरांनी लिहून स्वतःच्या खर्चाने छापलेली. पुठ्ठा नव्हता, पिना गंजलेल्या. मी ती पाहिली, चाळली आणि पिशवीच्या ढिगात टाकली. कुणीतरी नेली. पुढे काही महिन्यांनी विद्यापीठातला एक मुलगा नेमकी तीच शोधत आला. त्याला एका म्हाताऱ्या तांडेलांनी तिचे नाव सांगितले होते. आमच्या नोंदवहीत ती नव्हती. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन्ही भाग काढले, एक १८०० ते १९३७ सालांतल्या पुस्तकांचा, दुसरा १९३८ ते १९५० पर्यंतचा. दोन्हींत नाही. इतर वाचनालयांना पत्रे लिहिली. कुणाकडे नाही. दोन महिने मी झोपताना तिचा निळसर कागद आठवत असे. ‘ययाति’ची नववी प्रत मी काळजीने पुसून पेटीत ठेवली होती, आणि जे जगात कदाचित एकच उरले होते ते ढिगात टाकले.

तेव्हापासून निवडताना एक तिसरी रास असते. तिला आम्ही ‘गावचा कागद’ म्हणतो. आपल्या तालुक्याचे नाव, आपल्या गावचा छापखाना, इथला लेखक किंवा इथला विषय, यांतले काहीही दिसले तर ते विक्रीला जात नाही. दोघांनी पाहिल्याशिवाय हलतसुद्धा नाही. या राशीतून काय काय हाती लागले! शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, देवस्थानच्या जत्रांचे जमाखर्च, नाटकांच्या आणि दशावताराच्या जाहिराती, नमनखेळ्यांच्या हस्तलिखित वह्या, खोतीविषयीचे अर्ज, सहकारी सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांची पत्रके. शिवाय कुलवृत्तांत. कोकणातल्या घराण्यांना आपली वंशावळ छापून काढण्याची जुनी आवड. ते ग्रंथ घराण्यापुरतेच छापले जात, दुकानात कधी नसत. आज मे महिन्यात गावी आलेली तरुण मुले वाचनालयात येऊन आधी ते मागतात आणि पणजोबांच्या नावावर बोट ठेवून फोटो काढतात.

दर्शनी दालनात उजव्या हाताला ‘स्थानिक संग्रह’ अशी पाटी असलेली काचेची तीन कपाटे आहेत. त्यांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू विक्रीसाठी आलेल्या गोणीतून निघालेली आहे. विक्री नसती तर लोकांनी माळे रिकामे केले नसते, आणि आम्हीही ते एकेक पान उलटून पाहिले नसते. आपल्याकडे काय जपण्याजोगे आहे, ते आपल्याला विकायला बसल्यावर कळले. विरोध नोंदवणाऱ्या त्या ज्येष्ठांना मी हे पहिले कपाट दाखवले होते. त्यांनी एक कुलवृत्तांत काढून त्यात स्वतःचे नाव शोधले, चष्मा पुसला आणि काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला.

विक्रीच्या पहिल्या सकाळी फक्त सभासद आणि शाळकरी मुले. दुपारनंतर सर्वांना खुले. ही वेळ पुस्तकव्यापाऱ्यांमुळे ठरवावी लागली. पहाटेच्या एसटीने ते येत आणि पेट्या उघडायच्या आत चांगले ते उचलत. त्यांना बंदी घालावी, अशीही सूचना आली होती. मी तिच्या विरोधात होते आणि आहे. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनचे पदपथ आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची दुकाने यांनी किती विद्यार्थ्यांची शिक्षणे निभावली आहेत! हा माणूस पुस्तक टाकून देत नाही, ते हवे असणाऱ्यापर्यंत नेतो. त्याला पुस्तकाची जाणही असते. असेच एक व्यापारी एकदा पेटीतून एक पोथी काढून माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘बाई, ही शिळाछापाची आहे. मी घेऊन गेलो तर मला चार पैसे मिळतील, पण तुम्ही ठेवा.’’ ती आज दुसऱ्या कपाटात आहे.

कोण काय घेतो, हे पाहण्यात माझे सगळे मे महिने गेले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पेटीत ठेवल्या की सत्तरीच्या पुढचे पुरुष गोळा होतात आणि झुंजार की धनंजय यावर बोलू लागतात. नारायण धारप, सुहास शिरवळकर त्यांच्या मुलांच्या पिढीचे. ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’ यांचे जुने अंक मुलांसाठी म्हणून ठेवतो, नेतात मात्र बहुधा आईवडील, आणि मग ते घरी मुलांना वाचून दाखवतात. ‘रुचिरा’ कधीच दुपारपर्यंत टिकत नाही. त्यातही पानांवर हळदीचे, तेलाचे डाग असलेली प्रत आधी जाते, कारण बायकांना ठाऊक असते की ती वापरून पाहिलेली आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला; तेव्हापासून महाराष्ट्राने किती दिवाळी अंक छापले असतील, याचा अंदाज आमच्या पडवीत येतो. त्यांच्या दहा-दहाच्या गड्ड्या सुतळीने बांधून ठेवतो. एक निवृत्त पोस्टमास्तर दरवर्षी दोन गड्ड्या नेत, पावसाळाभर वाचत आणि पुढच्या मेमध्ये परत आणून पेटीत ठेवत. पैसे परत घ्यायला त्यांनी कधी हात पुढे केला नाही.

जुनी पाठ्यपुस्तके, कालबाह्य कायद्याची पुस्तके आणि बंद पडलेल्या संगणक प्रणालींची जाड पुस्तके कुणीही नेत नाही. ती रद्दीत जातात.

गेल्या काही वर्षांत पुस्तकांच्या देवाणघेवाणीचे निराळे मार्गही निघाले. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदानप्रदान प्रदर्शन सुरू केले. वाचून झालेले पुस्तक द्यायचे आणि दुसऱ्या कुणाचे आपण न्यायचे. आपल्याकडेही तसे करावे, पैसे घेऊ नयेत, असा प्रस्ताव तरुण सदस्यांनी मांडला होता. मला तो आवडला होता. पण ज्याच्या घरी द्यायला एकही पुस्तक नाही, त्या मुलाने काय करायचे? पाच-दहा रुपये मात्र कुठलेही मूल आजीकडून आणते. म्हणून आपण विक्रीच ठेवली, आणि मुलांच्या पेटीचा भाव सर्वांत कमी ठेवला.

पैशांविषयी फार लिहीत नाही. प्रत्येक वर्षाचा हिशेब ताळेबंदात आहे. रक्कम मोठी कधीच नव्हती. त्यातून आधी जमिनीपासून उंच असलेल्या लोखंडी मांडण्या आल्या, भिंतीपासून हातभर दूर ठेवलेल्या. मग वाळवीचा बंदोबस्त झाला. पुढे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी मागच्या खोलीत दिवे आणि बाके आली. ही खोली रात्री उशिरापर्यंत उघडी असते आणि तिथला दिवा रस्त्यावरून दिसतो.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत विक्री झाली नाही. पहिल्या वर्षी टाळेबंदीत वाचनालयच बंद होते. माडीवर पुस्तके साठत गेली आणि मला पुन्हा भिंतीतल्या त्या मातीच्या रेघेची धास्ती वाटू लागली. आम्ही दोघे-तिघे पाळीने जाऊन ती हलवत असू. दुसऱ्या वर्षी २२ जुलैला चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी शिरले. तिथले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २००५ च्या पुराने एकदा पोळलेल्या त्या गावातली पुस्तके पुन्हा चिखलात गेली. ती छायाचित्रे पाहून आमच्यापैकी कुणालाही विक्रीचे नाव काढवले नाही. माडीवरची चांगली पुस्तके आम्ही पूरग्रस्त ग्रंथालयांसाठी बाजूला काढली आणि त्यानंतर आपल्या स्थानिक संग्रहाची कपाटे खालच्या दालनाच्या फरशीवरून उचलून चिऱ्याच्या उंच ओट्यावर बसवली. त्या कपाटांतल्या कागदांची छायाचित्रे काढून ठेवण्याचे कामही तेव्हाच सुरू झाले. ते अजून पुरे झालेले नाही.

शेवटी एका वहीविषयी. विक्रीला येणाऱ्या पुस्तकांत फुटक्या संचांचे फार दुःख असते. भावांच्या वाटणीत कोशाचे खंड वाटले जातात. एकाकडे पहिले पाच, दुसऱ्याकडे उरलेले. केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेवीस खंडांचा, महादेवशास्त्री जोशी यांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ दहा खंडांचा. सुटा खंड कुणी घेत नाही. म्हणून आम्ही ‘जोडीची वही’ घातली. डाव्या पानावर आपल्याकडे आलेला सुटा खंड आणि देणाऱ्याचे गाव, उजव्या पानावर कुणाला कुठला खंड हवा आहे ते. जोडी जमली की मधे लाल शाईची रेघ. संच पुरा होईपर्यंत त्यातला कुठलाही खंड विकायचा नाही. दोन चुलतभावांच्या घरांतून वेगवेगळ्या वर्षी आलेले ‘संस्कृतिकोशा’चे खंड याच वहीमुळे पुन्हा एका फळीवर आले. दोघांचे बोलणे बरीच वर्षे बंद होते. संच पुरा झाल्याचे मी दोघांनाही कळवले आणि दोघेही तो पाहायला आले, एकाच दिवशी नाही, पण आले.

वहीत आज काही नोंदी उघड्या आहेत. ‘ज्ञानकोशा’चे बाकीचे बावीस खंड आपल्या माडीवर कापडात बांधून ठेवले आहेत. प्रस्तावनाखंडांतला तिसरा, ‘बुद्धपूर्व जग’, तेवढा नाही. यंदा पाडव्यानंतर माळा साफ करताना तो कुणाला सापडला, तर पुठ्ठा गेलेला असला तरी चालेल, पाने उन्हात टाकू नका, तसाच घेऊन या.